भिंतीला खिळा न ठोकता

घर सजवण्याविषयी यंदा काही लिहा, असे संपादकांनी कळवले, तेव्हा मी सहजच माझ्या स्वतःच्या घराच्या भिंतीकडे पाहिले. भिंत कोरी होती. ती कोरी का, याचे उत्तर आमच्या भाडेपत्रात आहे. ‘भाडेकरूने भिंतीस खिळे ठोकू नयेत’ असे एक कलम त्यात घरमालकांनी मुद्दाम घालून घेतले आहे, आणि दर महिन्याला भाड्याच्या निमित्ताने येऊन ते चारही भिंतींवरून नजर फिरवून जातात. भाडेपत्र वाचताना आम्ही दोघेही हसलो होतो. भाड्याच्या घरात असे चालायचेच. पण आषाढात आत्याबाई अकोल्याहून आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या आणि त्या कलमाचे हसू मावळले.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पश्चिम तीरावर, असदगडापासून हाकेच्या अंतरावर त्यांचे घर होते. घर कसले, धाब्याचा जुना वाडाच तो. दीड-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर सागाच्या कड्या आणि त्यांवर मातीचा धाबा. बाहेर पारा ४५ अंशांच्या वर गेला तरी माजघरात दुपारी डोळा लागावा, अशी ती बांधणी. मामंजींना जाऊन सहा वर्षे झाली. त्यानंतर तीन भावांच्या वाटणीत वाडा गेला आणि यंदाच्या वैशाखात तो पाडला. भांडण झाले नाही, कोर्टकचेरी झाली नाही. सगळे रीतसर झाले. रीतसर झालेल्या गोष्टीबद्दल रडायलाही जागा नसते, ही त्यातली अडचण.

अकोला-अमरावती रस्त्याची एक गंमत आहे. २०२२ च्या जून महिन्यात या रस्त्यावर ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पुरे झाले आणि त्याची नोंद गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात झाली. त्याच गुळगुळीत रस्त्याने आम्ही आत्याबाईंना दोन तासांत अमरावतीला आणले. मात्र त्या मनाने अमरावतीला पोहोचायला दिवाळी उजाडली.

आल्या त्या एक लोखंडी पेटी आणि एक बोचके घेऊन. पेटीतले कपडे कपाटात लागले. बोचके मात्र त्यांनी पलंगाखाली सरकवले आणि कुणाला हात लावू दिला नाही. पलंगाच्या अगदी काठावर बसायच्या. पाहुण्या घरी बसावे तशा, पदर सावरून. रविवार आला की विचारायच्या, “अकोल्याची गाडी किती वाजता हाये वं?” गाडी पुष्कळ होत्या, घर नव्हते. हे त्यांना ठाऊक होते, मलाही ठाऊक होते. तरी मी दर रविवारी वेळ सांगत असे.

एकदा मी म्हटले, “आत्याबाई, ते बोचके सोडू या का? आत कसर लागेल.” तर म्हणाल्या, “पाहुनीच्या बोचक्याची गाठ कायले सोडतं? आज हाये, उद्या नाई.”

आमची लेक नववीत आहे. तिने आजीचे मन रमवण्यासाठी खोली सजवण्याचा घाट घातला. तिची यादी बाजारातली होती: भिंतीला चिकटणारी छापील फुले, प्लास्टिकचे तोरण, रंग बदलणाऱ्या दिव्यांची माळ आणि ‘होम’ असे अक्षर कोरलेली एक पाटी. राजकमल चौकातून जवाहर गेटपर्यंत दिवाळीच्या आधी चालत गेले तर हे सारे हाताशी मिळते, आणि महागही फार नसते. यंदा वाड्याच्या कामात आणि एका दुखण्यात आमचा हात आखडला होता, तरी तेवढे झेपले असते. पण पाटी पाहून मला हसू आले. ज्या घराला आपण घर आहोत हे पाटी लावून सांगावे लागते, त्या घरात आत्याबाई कशा रमणार?

इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस नावाचा मोठा कलावंत होऊन गेला. उपयोगी नाही आणि सुंदरही वाटत नाही अशी वस्तू घरात ठेवूच नका, अशा अर्थाचा उपदेश त्याने १८८० साली एका व्याख्यानात केला होता. उपदेश फार चांगला. फक्त त्याच्या कारखान्यातले पडदे आणि गालिचे ज्या कामकऱ्यांसाठी त्याचा जीव तुटत होता, त्यांना कधी परवडले नाहीत. शोभेचा विषय निघाला की शहाणी माणसेही शेवटी दुकानात नेऊन उभी करतात. आमच्या वऱ्हाडातला शहाणा माणूस वेगळा निघाला. शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी अंगावर चिंध्यांची वाकळ घातली, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. गावात शिरले की ते आधी खराटा हाती घेत. रात्रीचे कीर्तन नंतर. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. ज्या विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका मी तपासते, त्याला आज त्यांचे नाव आहे. तेव्हा आम्हीही खराट्यापासूनच आरंभ केला, म्हणजे झाडलोटीपासून.

घटस्थापनेआधीच्या रविवारी पलंग हलवला. बोचके ओढताना आत काहीतरी लाकडी खट्कन फरशीवर आपटले. आत्याबाई “हळू, हळू” म्हणत उठल्या आणि मग, आपण उठलोच आहोत तर, अशा भावाने त्यांनी स्वतःच गाठ सोडली. वर चार-पाच जुनी लुगडी होती. त्यांच्या आत मामंजींची दोन धोतरे, आणि धोतरांच्या आत सागाची एक लहानशी चौकट. हातभर उंच, वीतभर रुंद. वरच्या पट्टीवर कमानीची साधी नक्षी. वाड्यातल्या देवळीची ती चौकट. भिंत पाडताना कामगारांकडून ती त्यांनी मागून घेतली होती. तिघा मुलांच्या वाटणीत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ती एवढीच वस्तू, आणि तीही मुलांना न सांगता.

वाचकांपैकी ज्यांनी मातीच्या घरात बालपण काढले आहे, त्यांना देवळी सांगायला नको. ज्यांनी फक्त सिमेंटची घरे पाहिली, त्यांच्यासाठी सांगते: जाड भिंतीतच खोदलेला तो एक कोनाडा. त्यात संध्याकाळचा दिवा, कुंकवाची डबी, कधी किल्ल्या, कधी मुलांना न सापडावा म्हणून ठेवलेला गूळ. देवळी ठेवायला जाड भिंत लागते. आमची भिंत चार इंचांची, तीही परक्याची, आणि तिला खिळासुद्धा वर्ज्य.

लेकीने चौकट हातात घेतली. वरच्या पट्टीवर काळा थर होता. ती म्हणाली, “आजी, पॉलिश करून आणू?” आत्याबाईंनी चौकट काढून घेतली. “ते काजय तुह्या पणजीच्या दिव्याचं हाये.” मग कुणी पॉलिशचे नाव काढले नाही.

तोडगा निघाला तो बाजारात. अमरावती जिल्ह्यात वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागा आहेत, आणि आंबिया बहाराची संत्री नेमकी दिवाळीच्या सुमारास येऊ लागतात. फळवाल्याच्या दुकानामागे हलक्या लाकडाच्या रिकाम्या पेट्या पडलेल्या असतात. हे चार पेट्या घेऊन आले, १६० रुपयांना. पेटी आडवी उभी केली की तिचाच कोनाडा होतो! वरच्या पेटीच्या तोंडाशी ती सागाची चौकट बसवली, आणि भिंतीला एकही खिळा न ठोकता आमच्या खोलीत देवळी झाली. ज्यांना करून पाहायची असेल त्यांच्यासाठी अनुभवाचे दोन शब्द. पेट्या आधी दोन दिवस कडक उन्हात टाकाव्यात, कारण लाकूड ओले असते आणि मागाहून तोंड वासते. वर आलेले खिळे ठोकून आत घालावेत आणि काचपेपर नीट फिरवावा. आम्ही आळस केला आणि लेकीच्या बोटात फास गेली. खालच्या दोन पेट्यांत जड पुस्तके भरावीत, म्हणजे मांडणी डुगडुगत नाही. माझ्याकडे जड पुस्तकांची वाण नाही. शब्दकोशाचे खंड प्रथमच घरच्यांच्या उपयोगी पडले. पेट्या एकमेकींना सुतळीने बांधाव्यात. आणि मुख्य म्हणजे, पेटीच्या आत पेटता दिवा कधीही ठेवू नये. मातीच्या देवळीला ज्योत सोसते, फळ्यांना नाही. आमचा दिवा पितळी ताटलीत, मांडणीसमोर फरशीवर लागतो. देवळीत फक्त कुंकवाची डबी, मामंजींचा छोटा फोटो आणि आत्याबाईंची जपमाळ असते.

रंगासाठी गेरू आणि चुना आणला, ९० रुपयांत दोन्ही. चुना रात्रभर भिजवला आणि त्यात थोडा डिंक विरघळवून घातला, नाहीतर तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपड्यांना लागत राहतो. गेरूच्या लाल अंगावर चुन्याची बोटे आत्याबाईंनी स्वतः उठवली. ठिपके, वेल, गोपद्म, दोन मोर. मोर कोंबड्यासारखे झाले, हे मी इथे सांगितले तरी चालेल. त्यांनीच ते आधी सांगितले आणि तोंडाला पदर लावून हसल्या. आषाढानंतरचे त्यांचे ते पहिले हसू.

मराठीची शिक्षिका असल्याने एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपण रांगोळी म्हणतो तिला महानुभावांच्या जुन्या गद्यात रंगमाळिका असा देखणा शब्द आहे. ते गद्य आमच्याच जिल्ह्यातले. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरास तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. अंगण सारवून त्यावर रेघ ओढणे हे निदान त्या शब्दाइतके तरी जुने आहे, आणि तेव्हापासून त्याचा खर्च काही वाढलेला नाही. असो.

गोधडीवरून मात्र घरात थोडे वाजले. बोचक्यातली लुगडी विरली होती. मी सुचवले की खिडकीचे पडदे करू. आत्याबाईंच्या मते उन्हात लुगडी आणखी फाटतील. त्यापेक्षा गोधडी करावी आणि दिवाणावर घालावी. लेकीला त्यातले हिरवे लुगडे ओढणीसाठी हवे होते. शेवटी मामंजींच्या धोतरांचे अस्तर झाले, वर लुगड्यांचे तुकडे, कडेला तिच्या त्या हिरव्या लुगड्याचा काठ. रोज जेवणानंतर तासभर आजी-नात फरशीवर धावदोरा घालत बसत. नातीचे टाके बेडकासारखे उड्या मारत, आजी ते उसवत, नात रुसत. पंधरवडा झाला तरी गोधडी अर्धीच होती, आणि मला हळूहळू कळले की आजी रात्री उसवते ते टाके नेहमीच वाकडे नसतात.

मधल्या काळात भुलाबाई होती. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींनी भुलाबाईची गाणी म्हणायची ही वऱ्हाडातली रीत. शेवटच्या रात्री ज्वारीच्या धांड्यांचा मखर करून त्यात शंकर-पार्वतीची मातीची मूर्ती बसवतात. आत्याबाईंनी मखराची आज्ञा केली. पाच धांडे मिळवणे सोपे वाटले होते, पण आमच्या भागात सोयाबीनने ज्वारीला एवढे मागे सारले आहे की जवळपासच्या चार शेतांत एक ताट दिसेना. अखेर माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने गावाहून बसमध्ये धांडे आणले. कंडक्टरने त्यांचेही तिकीट घ्या म्हणून थट्टा केली म्हणे. मखर गॅलरीत उभा राहिला. इमारतीतल्या अकरा मुली आल्या, त्यांतल्या आठ जणींना एकही गाणे येत नव्हते. खिरापत ओळखण्याच्या वेळी मात्र सगळ्यांना वाचा फुटली. त्या रात्रीपासून आमचे घर ‘भुलाबाईच्या आजीचे घर’ झाले आणि दाराची घंटा वाजली की ती बहुधा आत्याबाईंसाठी असे.

एका बाबतीत मात्र मी चुकले, ते मान्य करते. शहरातल्या सजावटीच्या दुकानांत हल्ली बोंडांसकट कापसाच्या काड्या शोभेसाठी विकायला असतात. मला वाटले, कापूस तर आपल्या वऱ्हाडाचा, विकत कशाला? ओळखीच्या शेतावरून फुटलेल्या बोंडांच्या तीन पऱ्हाट्या आणल्या आणि पितळी तांब्यात उभ्या केल्या. पांढरी बोंडे, तपकिरी काड्या, घासलेले पितळ. मी स्वतःवर खूश होते. आत्याबाई बाहेर आल्या आणि उभ्याच राहिल्या.

“पऱ्हाटी चुलीत घालाची असते, बैठकीत नाई. अन् बोंडातला कापूस येचला नाई, तसाच शोभेले ठेवला? कास्तकारानं पाह्यलं त काय म्हनन?”

मला उत्तर सुचले नाही. ज्या मुलखात कापसाच्या भावावर घरातले लग्न, औषध आणि शाळा ठरते, तिथे तीन झाडांचा कापूस मी फुलदाणीत घातला होता. तीन झाडांनी काय होते, हा हिशोब झाला. त्यांची नजर हिशोबाची नव्हती. त्यांनी खाली बसून एकेक बोंड वेचले, सरकी वेगळी केली, आणि दोन दुपारी वाती वळल्या, कुंकू लावून वस्त्रमाळा केल्या. सगळ्या दिवाळीला वाती पुरल्या. आणि वेचून झालेल्या पऱ्हाट्या त्या चुलीत घालणार, तर चूल कुठे होती? म्हणून त्या तांब्यातच राहिल्या. रिकामे बोंड नीट पाहिले आहे का कुणी? चार-पाच पाकळ्यांचे कोरडे लाकडी फूल असते ते. कापसासकट जेवढे दिसले त्याहून मला आता ते अधिक देखणे दिसते. आत्याबाईंना अजूनही ते सरपणच दिसते. आमचा तह तांब्याच्या जागेवर झाला आहे. तो बैठकीत नाही, माझ्या टेबलावर आहे.

आकाशकंदील ह्यांच्याकडे होता. बुरुडाकडून ५० रुपयांच्या कामट्या, घोटीव कागद आणि दोरा मिळून १३० रुपये, आणि चिकटवायला घरचीच कणकेची खळ. बांबूचे काम सोपे समजू नये. मेळघाटात लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभे केले. तिथल्या कारागिरांनी केलेल्या बांबूच्या राख्या देशोदेशी गेल्या. त्या हातांची सफाई पाहिली आणि मग ह्यांचा कंदील पाहिला, की माणसाने मराठीचे किंवा हिशोबाचेच काम करावे हे पटते. कंदील एका अंगाला कलला आहे. तो बांधला आहे खिडकीच्या गजाला, म्हणजे इथेही खिळा नाही.

सगळा मिळून खर्च ४३० रुपये. लेकीच्या यादीतली दिव्यांची माळ तेवढी मामाने भेट दिली आणि तीही लागली. रंग बदलते, ते थांबवण्याचे बटण सापडले आहे.

वसुबारसेच्या संध्याकाळी घरमालक आले. नेहमीप्रमाणे भिंतींवरून नजर फिरवली आणि ती येऊन मांडणीवर थांबली. पुढे होऊन त्यांनी पेटी किंचित हलवून पाहिली, मागची भिंत तपासली. खिळा नव्हता. मग चौकटीवरून बोट फिरवून म्हणाले, “हे आमच्या गावच्या घरात होते.” आणि खुर्चीवर न बसता त्या देवळीसमोर फरशीवरच बसले. आत्याबाईंनी त्यांच्यापुढे चिवड्याची वाटी ठेवली आणि त्यांच्या गावाची, घराची, ते घर कुणाच्या वाटणीला गेले याची चौकशी सुरू केली. मी आत चहा टाकायला गेले. चहा उकळून आटला तरी बाहेरचे बोलणे चाललेच होते. भाडे द्यायचे मीही विसरले आणि मागायचे तेही.

लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहून झाले. गोधडी अजून पुरी झालेली नाही. दिवाणावर अर्धी अंथरली आहे, सुई तिच्यातच टोचलेली. आत्याबाई पलंगावर भिंतीला पाठ टेकून, पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या आणि चुन्याने उललेल्या बोटांना खोबरेल लावत होत्या. मी उद्याच्या पाडव्याच्या सामानाची यादी करत होते.

“लिहून ठेव वं,” त्या म्हणाल्या, “पुढच्या दिवाईले पांढरी माती आनजो. हा चुना हाताले लय झोंबते.”

मी यादीच्या शेवटी लिहिले: पांढरी माती.